बारसमोरच्या फुटपाथवर टेबले मांडण्याचा परवाना (इंग्लंड): अनुभवी सभासदांचे मार्गदर्शन हवे

कोपऱ्यावरचा गाळा (प्रश्नकर्ता)

नमस्कार मंडळी. मी आणि माझी पत्नी इंग्लंडच्या मिडलँड्स भागातील एका मध्यम आकाराच्या गावात गेली तीन वर्षे एक लहान बार चालवतो. तो कोणत्याही साखळीचा किंवा बीअर कंपनीचा नाही. भाडेपट्टा आमच्या नावावर आहे आणि काउंटरमागे बहुतेक संध्याकाळी आम्ही दोघेच असतो. आत जेमतेम 28 जण बसू शकतात. एप्रिल उजाडला की लोक दारातून डोकावतात, बाहेर बसायची सोय आहे का असे विचारतात आणि नाही म्हटले की मागे बाग असलेल्या पलीकडच्या मोठ्या पबकडे वळतात. त्यामुळे यंदा समोरच्या फुटपाथवर चार लहान टेबले आणि आठ खुर्च्या मांडण्यासाठी काउन्सिलकडे (म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेकडे) अर्ज करायचा विचार आहे.

जागेची माहिती अशी. भिंतीपासून रस्त्याच्या कडेच्या दगडापर्यंत फुटपाथ 3.10 मीटर रुंद आहे आणि आमचा दर्शनी भाग 6.40 मीटर लांब आहे. त्यात एक दार आहे, आणि इमारत पूर्वी पब असल्यामुळे बीअरची पिंपे तळघरात उतरवण्याचे लोखंडी झाकणही फुटपाथवरच आहे. रस्त्याच्या कडेला दिव्याचा एक खांब आहे. शेजारचा गाळा दीड वर्षापासून बंद आहे आणि वरच्या दोन मजल्यांवर भाडेकरू राहतात.

आम्हाला माल पुरवणारे गृहस्थ म्हणतात की करोनाच्या काळातील सवलत आता कायमची झाली आहे, अर्ज टाका आणि 28 दिवसांत उत्तर आले नाही तर परवाना मिळाला असे समजा. हे इतके सोपे असेल यावर माझा विश्वास बसत नाही. किती जागा मोकळी सोडावी लागते, दारूच्या परवान्यात काही बदल लागतो का आणि वरच्या भाडेकरूंनी हरकत घेतली तर काय होते, हे ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

टेप आणि खडू

तुमच्या पुरवठादाराने सांगितलेले खोटे नाही, पण अर्धेच आहे. मी उत्तर इंग्लंडमध्ये एक कॅफे-बार चालवत होतो आणि हा अर्ज दोनदा केला आहे. पहिल्यांदा तो फेटाळला गेला आणि चूक सर्वस्वी माझी होती.

आधी पार्श्वभूमी. 2020 पूर्वी महामार्ग कायदा, 1980 खाली परवानगी घ्यावी लागे आणि पुष्कळदा वेगळी नियोजन-परवानगीही (जागेचा वापर बदलण्याची मंजुरी) लागे, त्यामुळे काम महिनोन्महिने रेंगाळत असे. जुलै 2020 मध्ये आलेल्या व्यवसाय व नियोजन कायद्याने जलद परवान्याची तात्पुरती सोय केली आणि शुल्काला 100 पौंडांची मर्यादा घातली. ती सोय पुनःपुन्हा वाढवत नेऊन 31 मार्च 2024 पासून कायम करण्यात आली. आता पहिल्या अर्जासाठी काउन्सिल जास्तीत जास्त 500 पौंड आणि नूतनीकरणासाठी 350 पौंड आकारू शकते, आणि परवाना जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो. हा परवाना मिळाला की त्या जागेच्या वापरासाठी नियोजन-परवानगी मिळाली असेच धरले जाते, हा त्यातला मोठा फायदा. हे सारे फक्त इंग्लंडपुरते आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधील सभासदांनी यावर विसंबून खुर्च्या विकत घेऊ नयेत.

मुदतीचे गणित असे की अर्ज केल्याच्या दुसऱ्या दिवसापासून 14 दिवस लोकांच्या हरकती आणि सूचनांसाठी असतात आणि त्यानंतरच्या 14 दिवसांत काउन्सिलने निर्णय द्यायचा असतो. सार्वजनिक सुट्ट्या त्यात मोजत नाहीत, म्हणून ईस्टरच्या तोंडावर अर्ज केलात तर तारीख पुढे सरकते. त्या मुदतीत निर्णय झाला नाही तर परवाना दिला गेल्याचे कायदा मानतो, हे खरे आहे. परंतु शुल्क भरलेले नसेल किंवा नकाशासारखा आवश्यक कागद जोडलेला नसेल तर हे घड्याळ सुरूच होत नाही. माझ्या पहिल्या अर्जासोबत हाताने काढलेला, मापे नसलेला नकाशा होता. मी खुशाल दिवस मोजत बसलो होतो आणि विसाव्या दिवशी अर्ज अपूर्ण असल्याचे पत्र हातात पडले.

आता मोकळ्या जागेचे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शनानुसार बहुतेक ठिकाणी किमान 1.5 मीटर रुंदीची वाट मोकळी राहिली पाहिजे, आणि जिथे वर्दळ जास्त तिथे काउन्सिल 2 मीटर मागते. ही वाट रस्त्याच्या कडेपासून मोजायची नसून खांब, कचराकुंडी, सायकलचे कडे असा जो अडथळा इमारतीच्या सर्वांत जवळ येतो त्याच्या आतल्या बाजूपासून मोजायची असते. समजा तुमच्या खांबाची आतली बाजू कडेपासून 0.60 मीटरवर आहे, तर 3.10 मधून 0.60 आणि 1.50 वजा जाता हातात 1 मीटर उरतो. त्या एका मीटरमध्ये कठडासुद्धा बसवायचा आहे आणि खुर्ची मागे सरकवून बसलेला माणूसही मावायचा आहे. म्हणून टेबल 60 सेंटिमीटरचे चौकोनी घ्या आणि दोन्ही खुर्च्या भिंतीला समांतर, एकमेकींसमोर ठेवा. असा एक संच लांबीला साधारण 1.80 मीटर घेतो. तुमच्या 6.40 मीटरमधून दारासाठी 1.20 आणि झाकणासाठी 1.30 सोडले तर दोन संच बसतात, आणि तेही दाराची व झाकणाची जागा सोयीची असेल तरच. काउन्सिलने 2 मीटर मागितले तर अर्धाच मीटर उरतो आणि मग भिंतीलगत एक अरुंद बाकडे एवढेच शक्य होते. झाकणावर टेबल ठेवण्याचा मोह टाळा. पिंपे येण्याच्या दिवशी ते उचलावे लागेल हे तर आहेच, शिवाय त्या लोखंडी पत्र्यावर टेबल डुगडुगते आणि पहिल्याच आठवड्यात पेले फुटतात.

एक गोष्ट मात्र सर्वांत आधी पाहा. जुन्या इमारतींसमोरचा भिंतीलगतचा पट्टा काही वेळा खासगी मालकीचा असतो. जमिनीत बसवलेली पितळी बटणे किंवा फरशीचा बदललेला रंग ही त्याची खूण. तुमचा घरमालक त्या पट्ट्याचा मालक निघाला आणि ती जागा सार्वजनिक रस्त्याचा भाग नसेल, तर तेवढ्यापुरता हा परवाना लागत नाही. घरमालकाची संमती आणि नियोजन खात्याचे मत मात्र घ्यावे लागते.

शेवटचे म्हणजे अर्ज केला त्याच दिवशी दर्शनी भागावर सूचना लावा आणि चौदाही दिवस ती बाहेरून वाचता येईल अशी ठेवा. आमची सूचना दाराबाहेर चिकटवलेली होती. तिसऱ्या दिवशी पावसाने शाई ओघळली. दुसऱ्या खेपेला काचेच्या आतून लावली आणि रोज सकाळी दुकान उघडताना तिचे छायाचित्र काढून ठेवले. सार्वजनिक दायित्वाचा विमाही (तुमच्यामुळे बाहेरच्या कोणाला इजा झाली तर भरपाई देणारा) आधीच काढून ठेवा. बऱ्याच ठिकाणी 50 लाख पौंडांचा मागतात.

दुसरा मजला

मी धंद्यातला नाही. एका बारच्या वर राहतो आणि माझ्या पत्नीला फार थोडे दिसते, ती पांढरी काठी घेऊन चालते. म्हणून दोन गोष्टी पलीकडच्या बाजूने सांगतो.

नकाशावर खुर्च्या जागच्या जागी असतात, पण प्रत्यक्षात संध्याकाळी सहाला भिंतीलगत असलेली खुर्ची आठला एखाद्या मित्रमंडळाने हातभर बाहेर ओढलेली असते आणि पत्नीच्या रोजच्या वाटेवर तिचा पाय आलेला असतो. आमच्या खालच्या बारने सुरुवातीला दोन कुंड्यांमध्ये नुसती दोरी बांधली होती. काठी जमिनीलगत फिरते, दोरी कमरेच्या उंचीवर. काठी दोरीखालून निघून जाते आणि माणूस दोरीवर आदळतो. पुढे त्यांनी खालून जमिनीलगत आडवी पट्टी असलेला, फरशीच्या रंगात न मिसळणारा कठडा लावला आणि तेव्हापासून तक्रार राहिली नाही. परवाना देताना अपंग व्यक्तींचा विचार करणे समता कायदा, 2010 नुसार काउन्सिलला बंधनकारकच आहे, त्यामुळे असा कठडा तुम्ही स्वतःहून नकाशात दाखवलात तर तुमचाच अर्ज भक्कम होईल.

आवाजाबाबत म्हणाल तर मी स्वतः हरकत नोंदवली होती, आणि ती मागेही घेतली, कारण बारमालकीणबाई सूचना लावण्याच्या आदल्या आठवड्यात वर आल्या, आमच्या खिडक्या कुठल्या बाजूला आहेत ते पाहिले आणि रात्री 9 नंतर बाहेर कोणाला बसू देणार नाही असे अर्जातच लिहिले. खुर्च्या आत घेताना त्या फरफटत नेऊ नका, एवढी माझी विनंती आहे. रात्री गप्पांचा आवाज सोसता येतो, दगडावर घासणाऱ्या लोखंडी पायांचा नाही.

पेठेतला भाचा

मी पुण्याचा, पण विषय वाचून राहवले नाही. माझ्या मामांचे परमिट रूम आहे. आपल्याकडे उत्पादन शुल्क खात्याने मंजूर केलेल्या नकाशाबाहेर एक पेला जरी दिला तरी तो परवान्याच्या अटींचा भंग ठरतो, आणि फुटपाथवर मांडलेले सामान उचलून नेण्याचा अधिकार मुंबईत महापालिका आयुक्तांना 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातील कलम 314 ने नोटीस न देताही आहे. इंग्लंडमध्ये काउन्सिलने मुदतीत उत्तर दिले नाही तर परवाना मिळाला असे धरतात, हे मामांना सांगितले तेव्हा त्यांनी मला दोनदा वाचून दाखवायला लावले. माझी शंका एवढीच, की असा आपोआप मिळालेला परवाना नंतर काढून घेता येत नाही का?

टेप आणि खडू

येतो. आपोआप मिळाला तरी काउन्सिलच्या जाहीर केलेल्या अटी आणि कायद्यातील दोन राष्ट्रीय अटी त्याला लागू असतातच: वाट अडवायची नाही, आणि धूम्रपान न करणाऱ्यांसाठी बसायची वाजवी सोय ठेवायची. अटी मोडल्या, किंवा गोंगाट आणि त्रास वाढला, तर परवाना रद्द होऊ शकतो. परवाना नसताना सामान मांडले आणि नोटीस देऊनही हलवले नाही, तर काउन्सिल ते उचलून नेते, खर्च वसूल करते आणि तीन महिन्यांत खर्च भरला नाही तर विकूनही टाकू शकते. अर्ज फेटाळला गेल्यास कायद्याने ठरवून दिलेले अपील नाही. म्हणूनच मी म्हणतो की मुदत उलटण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा आधी अधिकाऱ्याला जागेवर बोलावून घ्यावे.

निळा कागद

दारूच्या परवान्याबद्दल अजून कोणी लिहिले नाही, आणि सध्या बहुतेक जण तिथेच अडकतात, म्हणून लिहितो.

फुटपाथचा परवाना टेबल-खुर्च्यांचा असतो, दारू विकण्याचा नव्हे. परवाना कायदा, 2003 खाली तुम्हाला मिळालेल्या कागदासोबत एक नकाशा आहे. त्यावरील रेषेच्या आत प्यायची दारू ती ऑन-सेल आणि रेषेबाहेर न्यायची ती ऑफ-सेल. ग्राहकाने काउंटरवर पैसे देऊन पेला फुटपाथवर नेला आणि फुटपाथ तुमच्या नकाशात नसेल, तर ती ऑफ-सेल झाली. 2020 च्या कायद्याने ऑन-सेलचा परवाना असलेल्यांना ऑफ-सेलची मुभा आपोआप दिली होती, त्यामुळे जवळजवळ पाच वर्षे कोणाला हा फरक जाणवला नाही. ती मुभा 31 मार्च 2025 रोजी संपली. तुम्ही तीन वर्षांपूर्वी सुरुवात केली म्हणजे त्या मुभेच्या काळातच केली. तेव्हा ऑफ-सेल स्वतंत्रपणे मागण्याची गरज वाटली नसण्याची दाट शक्यता आहे. आज रात्रीच कपाटातून परवाना काढा आणि त्यावर फक्त ऑन लिहिले आहे की दोन्ही, ते पाहा. ‘अमुक वाजल्यानंतर पेले बाहेर नेऊ नयेत’ अशी एखादी जुनी अट असेल तर तीही वाचा.

फक्त ऑन असेल तर परवान्यात बदल करून घ्यावा लागेल: एकतर ऑफ-सेल जोडून घ्यायची किंवा बाहेरची जागा नकाशात आणायची. पूर्ण बदलाच्या अर्जाला हरकतींसाठी 28 दिवस असतात, निदान ए-4 आकाराच्या फिकट निळ्या कागदावर सूचना लावावी लागते आणि 10 कामकाजाच्या दिवसांत स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते. शुल्क इमारतीच्या करपात्र मूल्यावर ठरते. 4,300 पौंडांपर्यंत 100 पौंड, आणि त्यापुढे 33,000 पर्यंत 190 पौंड. जाहिरातीचा खर्च पुष्कळदा शुल्कापेक्षा जास्त होतो, हे ध्यानात असू द्या. इथे मुदत उलटली म्हणून मंजूर असा प्रकार नाही. पोलीस किंवा रहिवासी यांनी हरकत घेतली आणि तडजोड झाली नाही, तर काउन्सिलच्या परवाना उपसमितीपुढे सुनावणी होते. सबब दोन्ही अर्ज एकाच वेळी करा, नाहीतर मे महिन्यात फुटपाथवर टेबले असतील आणि त्यांवर फक्त लिंबूपाणी देता येईल.

कोपऱ्यावरचा गाळा (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बार बंद केल्यावर आम्ही दोघांनी टेप आणि खडू घेऊन सगळे मोजले. खांबाची आतली बाजू कडेपासून 0.62 मीटरवर निघाली, म्हणजे आमच्या वाट्याला 98 सेंटिमीटर येतात. पत्नी खुर्चीवर बसली आणि मी मुलाची जुनी बाबागाडी ढकलत शेजारून तीनदा गेलो; ती टेबलाकडे तोंड करून भिंतीला समांतर बसली तेव्हा गाडी सरळ गेली, आणि भिंतीकडे पाठ करून बसली तेव्हा तिचे पाय खडूच्या रेषेपलीकडे गेले. चार टेबलांचा हट्ट आम्ही सोडला आहे. अर्ज दोन टेबलांचा आणि जमिनीलगत पट्टी असलेल्या कठड्याचा करू. पितळी बटणे कुठेही दिसली नाहीत. शेजारच्या गाळ्याच्या मालकाला पत्र टाकले आहे. त्याने लेखी संमती दिली तर त्याच्यासमोरच्या जागेबद्दल काउन्सिलला विचारून पाहू.

परवान्यावर फक्त ऑन आहे. ‘निळा कागद’ यांचे विशेष आभार, कारण ते वाक्य गेल्या तीन वर्षांत मी एकदाही नीट वाचले नव्हते. वरच्या भाडेकरूंकडे रविवारी दुपारी जायचे ठरले आहे. त्यांच्यापैकी एक बाई रात्रपाळी करतात असे कळले, म्हणजे त्यांचा प्रश्न रात्रीचा नसून दुपारच्या झोपेचा असणार; तेव्हा बाहेरची वेळ दुपारी चारच्या आधी सुरू करायची नाही, असे त्यांच्याशी बोलून अर्जात लिहावे का, यावर कोणाचे मत असल्यास जरूर कळवावे.

दुसरा मजला

लिहावे. मात्र चार वाजता त्या उठतात की झोपतात, हे आधी विचारून घ्यावे.