मदत हवी आहे: जीन एडिटिंगमध्ये स्वतःची लॅब, पण वाट कुठली?

नमस्कार मंडळी,

माझी पीएचडी यीस्टमधल्या डीएनए दुरुस्तीवर. नंतरची साडेतीन वर्षं पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं करारावरचं संशोधन), स्टेम पेशींवर क्रिस्पर, म्हणजे डीएनए हव्या त्या जागी कापून बदलायचं तंत्र. कुठे कापायचं ते दाखवणारा गाइड आरएनए ठरवायचा, कापणाऱ्या कॅस९ प्रथिनासोबत इलेक्ट्रोपोरेशनने (विजेच्या झटक्याने) पेशींत सोडायचा, एकेका पेशीपासून क्लोन वाढवायचे आणि सिक्वेन्सिंग करून बघायचं की कापलं तिथेच का. हात बसलाय. (क्लोनांपायी किती रविवार गेले ते विचारू नका.)

आता दोन पर्याय आहेत.

पहिला: एका संस्थेच्या जीन एडिटिंग कोअर फॅसिलिटीचं, म्हणजे सगळ्यांना सेवा देणाऱ्या सामाईक लॅबचं, प्रमुखपद. कायम नोकरी, हाताखाली तीन जण. काम मात्र इतरांच्या प्रकल्पांचं.

दुसरा: आणखी एक पोस्टडॉक, बेस एडिटिंगवर (डीएनएचे दोन्ही धागे न तोडता एकेक अक्षर बदलणं), दोन वर्षांचा करार. पुढे स्वतंत्र लॅब मिळेल अशी आशा. नुसती आशाच.

घरचे म्हणतात, पहिल्यातही लॅबच चालवायची आहे, मग अडतंय कुठे? अडतंय ते असं, की पाच वर्षांनी स्वतंत्र संशोधक म्हणून अर्ज केला, तर निवड समितीला माझ्या नावावर काय दिसेल? दुसऱ्यांच्या पेपरांत मधलं कुठलं तरी नाव?

क्रिस्पर घडवणाऱ्या मोठ्यांचे प्रवास वाचून गोंधळ वाढलाच. डाउडना आरएनएच्या रचनेतून आल्या, शार्पेंटिए रोगकारक जिवाणूंवर काम करत होत्या, फेंग झांग त्याआधी ऑप्टोजेनेटिक्समध्ये (प्रकाशाने पेशी चालू-बंद करणं). जीन एडिटर व्हायचं म्हणून कोणीच निघालं नव्हतं!

जाणकारांनी कृपया सांगावं. 'मनाचं ऐक' सोडून काहीही चालेल.

प्रतिसाद १

निवड समित्यांवर बसलोय, म्हणून थोडं रोखठोक. 'मला एडिटिंग येतं' याला आता फार वजन नाही. एडिटिंगची अवजारं बदलत राहतात: झिंक फिंगर गेलं, टॅलेन आलं, २०१२ नंतर क्रिस्पर, २०१६ ला बेस एडिटिंग, २०१९ ला प्राइम एडिटिंग. अवजारावर लॅब उभी केली तर दर चार वर्षांनी पाया उकरावा लागतो.

सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरचा कॅसजेव्ही हा क्रिस्परचा उपचार २०२३ मध्ये मंजूर झाला. त्यात क्रिस्परची कात्री चालते बीसीएल११ए या जनुकाच्या एका नियंत्रक तुकड्यावर. तो पत्ता कात्रीवाल्यांनी शोधलेला नाही. गर्भातलं हिमोग्लोबिन जन्मानंतर बंद का होतं, हा प्रश्न धरून बसलेल्यांनी २००८ मध्येच या जनुकाकडे बोट दाखवलं होतं. तेव्हा एडिटिंगचं अवजार म्हणून क्रिस्पर कुठे होतं?

तुमच्याकडे असा प्रश्न आहे का? असला तर दोन्ही वाटा चालतील. नसला तर दुसऱ्या पोस्टडॉकमध्येही तो आपोआप उगवत नाही.

प्रतिसाद २

मी कोअर चालवते. निम्मा वेळ लोकांना 'हा गाइड चालणार नाही' हे समजावण्यात जातो, उरलेला बजेट आणि जैवसुरक्षा समितीच्या कागदांत. तरीही वाईट नाही, अट एकच: रुजू होण्याआधी ऑफर लेटरमध्ये तीन गोष्टी लिहून घ्या. आठवड्यातला एक दिवस स्वतःच्या संशोधनाला, प्रमुख संशोधक म्हणून अनुदानाला अर्ज करायची मुभा, आणि पेपरांतल्या नावांचा नियम. तोंडी 'बघू की' याचा अर्थ नाही असा असतो. मी लिहून घेतलं नव्हतं.

आणि पोस्टडॉक घेतलात, तर निघताना कोणता प्रकल्प सोबत नेता येईल हे बॉसला पहिल्या महिन्यातच विचारा. शेवटच्या महिन्यात विचारलं की भांडण होतं.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. प्रश्न आहे, पीएचडीपासून डोक्यात आहे. विभाजन थांबलेल्या पेशी, म्हणजे न्यूरॉन वगैरे, कॅस९ ने कापलेलं टोक जोडताना वेगळं का वागतात? पोस्टडॉकमध्ये तो बाजूलाच पडला होता. एका दिवसाबद्दल कोअरवाल्यांना आज मेल टाकलाय. नकार आला तर दुसरीकडे हाच प्रश्न घेऊन बोलेन. काय उत्तर येतं ते इथेच कळवते.