[मंडळ] भाचीचा अर्ज: डोमेस्टिक की इंटरनॅशनल? उद्या रात्री शेवटची मुदत

प्रेषक: मिलपिटासच्या काकू
रविवार, सकाळी ७:१०

मंडळी,
उद्या रात्री ११:५९ ला पोर्टल बंद होतंय, म्हणून थेट सगळ्यांनाच लिहितेय. गणपतीत आरतीला पेटी वाजवली ती माझी पुण्याची भाची एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंगच्या पीएचडीला अर्ज करतेय. कॅलिफोर्नियातलंच सरकारी विद्यापीठ आहे. जन्म तिचा फ्रीमाँटचा, पासपोर्ट अमेरिकेचा. पण ती पाच वर्षांची असताना ताई-जिजाजी परत गेले, त्यामुळे शाळा, कॉलेज सगळं पुण्यात झालं.

डिग्री भारतातली म्हणून तिने फॉर्मवर इंटरनॅशनल निवडलं. आता पुढचं पान व्हिसाचा प्रकार विचारतंय आणि तो भरल्याशिवाय सरकत नाही. तिला व्हिसा कुठून असणार? डोमेस्टिक करावं तर टोफेल (इंग्रजीची परीक्षा) दिलेली नाही. उद्या कुणी म्हटलं की ती चुकवायला माहिती लपवली, तर? ताईचा रात्रीपासून चौथा फोन झालाय. कुणाला नक्की माहीत असेल तर कृपया लगेच सांगा.

---

प्रेषक: शिक्षण समिती, सनीव्हेल
रविवार, सकाळी ८:०२

काकू, असे प्रश्न आधी समितीच्या पत्त्यावर पाठवायचे असं आपलं ठरलंय. सप्टेंबरच्या सत्रात मी दीड तास याच विषयावर बोललो होतो. पदवी भारतातली असेल तर इंटरनॅशनलच निवडावं. गुणपत्रिका त्यांचा इंटरनॅशनल विभागच तपासतो. व्हिसाच्या जागी "इतर" टाका.

---

प्रेषक: डेव्हिसची ताई
रविवार, सकाळी ८:३१

काकू, "इतर" टाकू नका! अकरा वर्षं मी एका ग्रॅज्युएट ऑफिसात अर्ज हाताळतेय. तो प्रश्न नागरिकत्वाचा आहे. अमेरिकन पासपोर्ट असला की ती डोमेस्टिक, मग डिग्री पुण्याची असो नाहीतर टिंबक्टूची. ग्रीन कार्ड असलं तरी डोमेस्टिक. भाचीने नागरिकत्वाच्या पानावर जाऊन अमेरिका निवडायचं. व्हिसाचं पान आपोआप निघून जाईल, बाकीचं भरलेलं बहुतेक तसंच राहील. तरी स्टेटमेंट आधी वेगळं सेव्ह करून ठेवा.

काका, तुमच्या सत्राला मी होते. ते एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, येणाऱ्या मुलांसाठी होतं आणि चांगलं झालं होतं. हिचं प्रकरण वेगळं आहे.

---

प्रेषक: शिक्षण समिती, सनीव्हेल
रविवार, सकाळी ९:१५

मग टोफेलचं काय? माझ्या पुतणीकडे ग्रीन कार्ड असूनही टोफेल मागितली होती. डोमेस्टिक असती तर मागितली असती का?

---

प्रेषक: डेव्हिसची ताई
रविवार, सकाळी ९:४०

मागितली असती. टोफेलचा नियम बहुतेक ठिकाणी पासपोर्टवरून ठरत नाही, आधीचं शिक्षण कुठल्या देशात झालं त्यावरून ठरतो. तुमच्या पुतणीला मागितली ती याच कारणाने. इंग्रजी माध्यम म्हणून सूट द्यायची की नाही हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. तेव्हा काकू, आजच डिपार्टमेंटच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला दोन ओळींची ईमेल करा: मी अमेरिकन नागरिक, पदवी भारतातली, शिक्षण इंग्रजीतून, मला टोफेल लागेल का? उद्या सकाळी त्या उत्तर देतील. लेखी आलेलं उत्तर जपून ठेवा.

आणि सीजीपीए चाराच्या स्केलवर आणायला जाऊ नका. दहापैकी जे आहे ते लिहायचं आणि स्केल १० निवडायची. दरवर्षी मुलं घरीच गुणाकार करून पाठवतात आणि मग आम्हाला गुणपत्रिकेशी ताळमेळ लावत बसावं लागतं.

---

प्रेषक: नाटकवाले दादा, फ्रीमाँट
रविवार, सकाळी ११:२०

काकू, भाचीला मनापासून शुभेच्छा. जे लिहितोय ते तिच्याबद्दल नाही.

आमचा मुलगा तीन वर्षांचा असताना इथे आला. किंडरगार्टनपासून सगळं याच गावात झालं, मंडळाच्या शाळेत तो बाराखडी शिकला. आमचं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे. एकवीस झाल्यावर एच-४ (आईवडिलांच्या नोकरीवर मुलांना मिळणारा व्हिसा) सुटला आणि एफ-१ वर जावं लागलं. एच-४ वर असताना तो कॅलिफोर्नियाचा रेसिडेंट म्हणून फी भरत होता, एफ-१ झाल्यावर तेही गेलं. आता मास्टर्सच्या फॉर्मवर तो इंटरनॅशनल. "पर्मनंट ॲड्रेस, भारत" अशी जागा आहे, तिथे काय लिहायचं ते त्याला कळेना. शेवटी माझ्या आईचा साताऱ्याचा पत्ता लिहिला. त्या घरी तो आयुष्यात दोनदा गेलाय.

ताई, आमच्या मुलांसाठी यात काही मार्ग आहे का?

---

प्रेषक: डेव्हिसची ताई
रविवार, दुपारी १२:०५

दादा, फॉर्मवर मार्ग नाही. तुम्ही कितीही फिरवून विचारलंत तरी मला हेच सांगावं लागेल आणि ते सांगताना मला त्रास होतो. फक्त एक करा. तो इथेच वाढलाय हे त्याने स्टेटमेंटमध्ये सरळ लिहावं. वाचणाऱ्या प्राध्यापकांना ते एरवी कळतच नाही. टोफेल त्याला लागणार नाही, पदवी इथली आहे.

---

प्रेषक: ओकलंडहून, पीएचडी तिसरं वर्ष
रविवार, दुपारी २:४८

काकू, फीचा मुद्दा राहिलाच. डोमेस्टिक म्हणजे कॅलिफोर्नियाची रेसिडेंट नव्हे! यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) कॅम्पसवर बाहेरच्या राज्यातल्या ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांना वर्षाला १५,१०२ डॉलर जास्तीचे लागतात. भाची पुण्याहून येतेय, म्हणजे पहिलं वर्ष तिलाही. पीएचडीत ते बहुधा डिपार्टमेंट भरतं, पण नागरिक मुलांनी दुसऱ्या वर्षी रेसिडेंट व्हावं अशी त्यांची अपेक्षा असते. त्यासाठी ३६६ दिवस इथे राहिल्याचं आणि इथेच राहायचा इरादा असल्याचं दाखवावं लागतं: लायसन्स, मतदार नोंदणी, राज्याचा टॅक्स.

मी टेक्सासहून आलो आणि लायसन्स दिवाळीनंतर काढलं. तेवढ्याने दुसऱ्या वर्षाचं पहिलं सत्र बाहेरच्या दराने गेलं. गाईड काही बोलले नाहीत, पण पैसे त्यांच्या ग्रँटमधून गेले आणि मला फार लाज वाटली. भाची उतरल्याच्या आठवड्यात तिला डीएमव्हीत, म्हणजे लायसन्सच्या ऑफिसात, घेऊन जा.

एनएसएफची (अमेरिकी सरकारची विज्ञान संस्था) ग्रॅज्युएट फेलोशिप फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळते. तीन वर्षं, वर्षाला ३७,००० डॉलर. यंदाची मुदत नोव्हेंबरमध्येच गेली. पुढच्या वर्षी पहिल्या वर्षाला असतानाच अर्ज करायला सांगा, कारण आता दुसऱ्या वर्षाच्या मुलांना घेत नाहीत.

---

प्रेषक: खजिनदार
रविवार, दुपारी ४:१०

आमच्या मुलीने मास्टर्सचा विचार केला तर? आमच्याकडे पुढच्या वर्षी तीच वेळ आहे. फाफसा (सरकारी आर्थिक मदतीचा फॉर्म) भरताना आमचा पगार दाखवावा लागेल का? (संक्रांतीच्या हॉलचे पैसे अजून चौदा कुटुंबांकडून यायचे आहेत.)

---

प्रेषक: डेव्हिसची ताई
रविवार, दुपारी ४:३३

नाही. ग्रॅज्युएट विद्यार्थी फाफसासाठी स्वतंत्र धरतात, आईवडिलांचं उत्पन्न विचारत नाहीत. पण पेल ग्रँटही (परत न करायची सरकारी मदत) मिळत नाही, फक्त कर्ज: वर्षाला २०,५०० डॉलर. त्यावर लागेल तेवढं देणारं ग्रॅड प्लस कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या मुलांना बंद होतंय, आणि मास्टर्स-पीएचडीला एकूण मर्यादा १,००,००० आहे. मास्टर्सच्या घरांनी हा हिशोब आत्ताच मांडा. पुढच्या एप्रिलमध्ये पत्र हातात घेऊन मला फोन करू नका, तेव्हा माझ्याकडे सांगायला काही नसेल.

---

प्रेषक: शिक्षण समिती, सनीव्हेल
रविवार, रात्री ९:२०

पुतणीचे कागद काढून पाहिले. ताई म्हणतात तसंच आहे: अर्ज डोमेस्टिक होता, टोफेल वेगळी मागितली होती. सकाळी मी चुकीचं सांगितलं. काकू, क्षमस्व. जानेवारीत नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्या मुलांसाठी वेगळं सत्र ठेवतो. ताई, तुम्ही बोलाल का? खोलीचं मी बघतो. तरी यापुढे प्रश्न समितीच्या पत्त्यावरही टाकत जा, म्हणजे पुढच्यांसाठी नोंद राहते.

---

प्रेषक: मिलपिटासच्या काकू
सोमवार, रात्री १०:५५

मंडळी, गेला अर्ज! नागरिकत्व बदलल्यावर व्हिसाचं पान खरंच निघून गेलं. कोऑर्डिनेटरबाईंनी दुपारी कळवलं की इंग्रजी माध्यमाचं कॉलेजचं पत्र चालेल, ते शुक्रवारपर्यंत अपलोड करायचंय. जिजाजी सकाळीच कॉलेजच्या ऑफिसात जाऊन बसणार आहेत.

नाटकवाले दादा, तुमच्या लेकाने काल रात्री दोन वाजेपर्यंत फोनवर तिचं स्टेटमेंट वाचून दिलं, हे तुम्हाला ठाऊक आहे का? स्वतःचा अर्ज बाकी असताना. त्याला शनिवारी जेवायला पाठवा. पुरणपोळी करतेय.

आता एकच अडकलंय. तिसऱ्या सरांचं शिफारसपत्र आलेलं नाही. त्यांनी जीमेलचा पत्ता दिला होता आणि पोर्टलला कॉलेजचाच लागतो. नव्या पत्त्यावर पुन्हा विनंती पाठवलीय. मुदतीनंतर किती दिवस घेतात, ताई?

---

प्रेषक: डेव्हिसची ताई
सोमवार, रात्री ११:०८

बहुतेक ठिकाणी काही दिवस थांबतात, अर्ज वेळेत गेला की झालं. सरांना स्पॅम बघायला सांगा, तिथेच पडलेलं असतं. जानेवारीला येते, काका.