अक्यूट ल्युकेमियात जनुकीय अहवालांसाठी थांबणे योग्य आहे का?

प्रश्न

माझ्या ६२ वर्षांच्या वडिलांना अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे एएमएल, असल्याचे बोन मॅरोच्या तपासणीत निष्पन्न झाले आहे. निदान पक्के आहे असे डॉक्टर सांगतात; तरीही गुणसूत्रांची तपासणी, फिश (गुणसूत्रांतील ठरावीक बदल चमकत्या खुणांनी शोधणारी चाचणी) आणि एनजीएस (एकाच वेळी अनेक जनुके वाचणारी चाचणी) या चाचण्यांसाठी नमुना पाठवला असून, त्यांतले पहिले अहवाल हाती आल्यावर उपचार ठरवू, असे त्यांचे म्हणणे आहे. आजार इतका वेगाने वाढणारा असताना हे थांबणे धोक्याचे नाही का? शिवाय चाचण्या जनुकीय आहेत म्हणजे आजार आमच्या घराण्यातला आहे आणि उद्या तो मला किंवा माझ्या भावाला होऊ शकतो, असा अर्थ घ्यायचा का? आई हे रोज विचारते, आणि तिला खोटा धीर देण्याची माझी इच्छा नाही.

उत्तर १

मी रक्तविकारांच्या प्रयोगशाळेत काम करते. आधी आईंच्या प्रश्नाविषयी लिहिते, कारण ही भीती जवळजवळ प्रत्येक कुटुंबाला वाटते. या चाचण्यांत आपण प्रामुख्याने कर्करोगाच्या पेशींमध्ये झालेले बदल शोधतो. हे बदल बहुतेक रुग्णांत जन्मतः नसतात; आयुष्यात केव्हातरी मज्जेतल्या एखाद्या पेशीत ते घडतात आणि त्या पेशीच्या वंशापुरतेच राहतात, त्यामुळे ते मुलांकडे जात नाहीत. जन्मतः आलेला दोष कारणीभूत असलेले रुग्ण थोडे असतात.

आता थांबण्याविषयी. एएमएल हे नाव एकच असले तरी त्याखाली अनेक वेगळे आजार येतात आणि ते वेगळेपण सूक्ष्मदर्शकातून पुरेसे दिसत नाही. एफएलटी-३ या जनुकात बदल असेल तर केमोथेरपीच्या आठव्या दिवसापासून मिडोस्टॉरिनसारखे औषध जोडता येते, आणि म्हणूनच तो अहवाल पीसीआर या एकेक बदल चटकन शोधणाऱ्या चाचणीने लवकर मिळवण्याची आमची धडपड असते. एनपीएम-१ या जनुकात बदल आहे आणि एफएलटी-३ मधला आयटीडी (जनुकाचा तुकडा दुप्पट होणे) हा बदल नाही, असे आढळले तर आजार केमोथेरपीला चांगली दाद देण्याची शक्यता जास्त असते. टीपी-५३ हे जनुक बिघडलेले असेल तर मात्र तीव्र केमोथेरपीचा लाभ कमी मिळतो आणि त्रास पूर्ण सोसावा लागतो. साठीपुढच्या रुग्णासाठी तीव्र केमोथेरपी की अझासायटिडीन व व्हेनेटोक्लॅक्स ही त्यापेक्षा सौम्य औषधजोडी, हा निर्णय प्रकृतीइतकाच या माहितीवर अवलंबून असतो. प्रकृती स्थिर असेल तर अशा अहवालांसाठी काही दिवस थांबल्याने निकाल बिघडत नाही, असे रुग्णांच्या मोठ्या पाहणीत दिसून आले आहे. संपूर्ण एनजीएसला बहुधा अधिक वेळ लागतो, आणि त्यासाठी सहसा कोणी अडून राहत नाही.

उत्तर २

वरील उत्तराला एक महत्त्वाची पुस्ती जोडतो. मी रक्तविकारांचा डॉक्टर आहे. पांढऱ्या पेशी एक लाखाच्या वर गेल्या असतील, श्वास लागत असेल किंवा रक्तस्राव होत असेल तर थांबायचे नसते. पेशींची संख्या उतरवणारे उपचार लगेच सुरू करतात. एपीएल (अक्यूट प्रोमायलोसिटिक ल्युकेमिया) या एएमएलच्या उपप्रकाराची तर नुसती शंका आली तरी एटीआरए ही गोळी त्याच दिवशी देतात, कारण त्यात पहिल्या काही दिवसांतला रक्तस्राव हाच सर्वांत मोठा धोका असतो. एपीएलची खूण असलेली १५ आणि १७ या गुणसूत्रांतील अदलाबदल सिद्ध करणारा अहवाल नंतर आला तरी चालते. म्हणून वडिलांच्या डॉक्टरांना थेट विचारा : एपीएल नाही हे नक्की झाले आहे का, आणि थांबण्याची मुदत कोणती?

उत्तर ३

मला सीएमएल (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया) आहे, म्हणजे तुमच्या वडिलांपेक्षा वेगळा आणि संथ प्रकार. पण जनुकीय अहवालाचे मोल मी स्वतः अनुभवते आहे. या आजारातले आखूड झालेले गुणसूत्र १९६० साली फिलाडेल्फियात दिसले, ते ९ आणि २२ या गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून तयार होते हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवले, आणि त्यातून जन्मणाऱ्या प्रथिनालाच रोखणारी इमॅटिनिबची गोळी २००१ मध्ये मान्यता पावली. त्या गोळीवर मी आज नोकरी आणि घर सांभाळते आहे. या अदलाबदलीतून बनणाऱ्या जोडजनुकाला बीसीआर-एबीएल म्हणतात, आणि उपचार सुरू झाल्यावरही त्याची चाचणी पुन्हा पुन्हा होते; वर्षभरात त्याचे प्रमाण ०.१ टक्क्यापर्यंत उतरले तर औषध नीट काम करते आहे असे मानतात. वडिलांचा पहिला अहवाल जपून ठेवा, कारण पुढे आजाराचा उरलेला अंश शोधताना त्यातलाच बदल बहुधा खूण म्हणून वापरला जाईल.

मूळ प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. एपीएल नसल्याचे डॉक्टरांनी आजच स्पष्ट केले. पुढे बोन मॅरो प्रत्यारोपणाची गरज पडल्यास माझा भाऊ अर्धा जुळणारा दाता होऊ शकेल, असेही ते म्हणाले. मग जन्मजात दोषाची शक्यता आधी तपासून घ्यावी का?

उत्तर २

होय, आणि हा प्रश्न आत्ताच विचारलात हे फार चांगले झाले. डीडीएक्स-४१ या जनुकातला जन्मजात दोष पुष्कळदा साठीनंतरच एएमएलच्या रूपाने प्रकट होतो, त्यामुळे वय जास्त आहे एवढ्यावरून तो नाकारता येत नाही. एनजीएसमध्ये असा बदल सुमारे ५० टक्के प्रमाणात (म्हणजे जनुकाच्या दोनपैकी एका प्रतीत) आढळला तर संशय घेऊन त्वचेच्या पेशी वाढवून त्यांची तपासणी करतात. लाळेत रक्तपेशी मिसळलेल्या असल्याने ती अशा वेळी पुरेशी विश्वासार्ह ठरत नाही. दोष जन्मजात ठरला तर भावाची तपासणी समुपदेशनानंतर आणि दाता म्हणून निवड होण्यापूर्वी व्हायला हवी, कारण तोच दोष असलेल्या पेशी वडिलांना दिल्यास त्या दात्याच्या पेशींतूनच पुन्हा ल्युकेमिया उद्भवू शकतो. अहवालात तसे काही नसेल आणि कुटुंबात इतर कोणाला रक्ताचे विकार नसतील, तर सहसा भावाची नेहमीची दाता-तपासणी पुरेशी असते.