जीनियस माणसं विक्षिप्तच असतात का? (घरात एक आहे म्हणून विचारतेय)

परळची_ताई:
धाकटा भाऊ जेजेत तिसऱ्या वर्षाला आहे. आमचं वन रूम किचन, माणसं चार, आणि याला ऑइल पेंटिंग सुचतं रात्री दोनला. काल पहाटे पाणी प्यायच्या फुलपात्रात टर्पेंटाईन ओतून ठेवलेलं, बाबा अंधारात तोंडाला लावणार तेवढ्यात वास आला म्हणून वाचले. मी ओरडले तर आई म्हणते, "असू दे गं, कलाकार माणसं अशीच असतात." हे ऐकून ऐकून डोकं उठलंय. तो इंग्लंडचा शास्त्रज्ञ कॅव्हेंडिश म्हणे इतका लाजाळू होता की नोकरांशी बोलायला लागू नये म्हणून जेवायला काय हवं ते चिठ्ठीवर लिहून ठेवायचा, पण त्याने 1798 मध्ये शिशाचे गोळे वापरून पृथ्वीची घनता काढली हो! आमच्याकडे चिठ्ठी पण नाही आणि घनता पण नाही. तर प्रश्न असा, विक्षिप्तपणामुळे काम मोठं होतं की काम मोठं झालं की विक्षिप्तपणा खपून जातो?

डेक्कन_क्वीनवाला:
आपल्याकडचंच उदाहरण देतो, दा. ध. कोसंबी. टीआयएफआरमध्ये (मुंबईतली टाटा मूलभूत संशोधन संस्था) गणिताचे प्राध्यापक, पुण्याहून डेक्कन क्वीनने अपडाऊन करायचे. आता गणितातला माणूस करतो काय, तर जुनी चांदीची नाणी एकेक करून तराजूत टाकतो, हजारोंनी! बघणाऱ्याला वाटणारच की सटकलाय. पण हिशोब पक्का होता. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, वजन कमी होतं आणि नाण्यानाण्यातला फरक वाढत जातो, त्यामुळे एकेका गटाची वजनं नीट मांडली की कुठलं नाणं बाजारात जास्त काळ फिरलं ते कळतं आणि त्यावरून कुठला राजा आधीचा कुठला नंतरचा याचा अंदाज बांधता येतो. जेनेटिक्समध्ये 1944 चं त्यांचं कोसंबी फंक्शन (गुणसूत्रावर जनुकं एकमेकांपासून किती लांब ते काढायचं सूत्र) आजही वापरतात. पण याच माणसाने रीमान हायपोथेसिस, म्हणजे गणितातला आजवर न सुटलेला एक प्रसिद्ध प्रश्न, सोडवल्याचा दावा शेतकी संख्याशास्त्राच्या जर्नलमध्ये छापला, तो काही टिकला नाही. हट्ट तोच, नाण्यांत फळला आणि इथे नडला. तेव्हा नुसत्या हट्टावरून काही ठरवू नका.

ब्रीचकँडी_बसस्टॉप:
सूरबहार वाजवणाऱ्या अन्नपूर्णादेवी इथल्या आकाशगंगा बिल्डिंगमध्ये राहायच्या. दारावर पाटी, बेल तीनदाच वाजवा, कोणी उघडलं नाही तर नाव-पत्ता ठेवून जा, सोमवारी आणि शुक्रवारी दार उघडणार नाही. जाहीर कार्यक्रम कधीच सोडलेले, 2018 मध्ये गेल्या तोवर परत स्टेजवर नाहीत. हरिप्रसाद चौरसिया त्यांच्याकडे शिकायला लागले तेव्हा बासरी उजवीकडून डावीकडे धरायला लागले, म्हणजे हातातलं सगळं नव्याने, गुरूही तशा आणि शिष्यही तसाच. मला तर हा विक्षिप्तपणा वाटतच नाही, दार बंद ठेवलं म्हणून तर रियाज आणि शिकवणं झालं. आणि त्रास कोणाला, फार तर पाहुण्याला. फुलपात्रातल्या टर्पेंटाईनने कोणाचा रियाज झाला ते सांगा.

कटिंगवाला:
वरच्याला +१.
हंगेरीच्या गणितवाल्या एर्डिशचं नाव कोणीच कसं काढलं नाही? घर नाही, नोकरी धड नाही, एक सूटकेस घेऊन जगभर गणितवाल्यांच्या घरी जाऊन राहायचा, 1500 च्या आसपास पेपर आणि 500 च्या वर सहलेखक. लहान मुलांना एप्सिलॉन म्हणायचा, गणितात एप्सिलॉन म्हणजे अगदी छोटी संख्या. सगळे हे कौतुकाने सांगतात. पण साहेबांनी पावाला स्वतः लोणी लावलं ते वयाच्या 21 व्या वर्षी, इंग्लंडला गेल्यावर, तेही लावता येत नाही हे सांगायची लाज वाटली म्हणून! म्हणजे तोवर कोणीतरी लावून देत होतं ना? आणि नंतर ज्यांच्या घरी सूटकेस उतरायची त्यांच्या बायकांना कोणी विचारलं का? मला नेहमी त्यांचाच विचार येतो, कारण आमच्या मामीकडे असा एक पाहुणा महिनाभर होता आणि तो तर गणितवाला पण नव्हता.
ताई, भावाला म्हणावं रात्री दोनला काढ हवं तर, भांडं मात्र वेगळं आण.

परळची_ताई:
सगळ्यांना थँक्स. धागा आईला वाचून दाखवला, अन्नपूर्णादेवींच्या पाटीपर्यंत छान ऐकलं आणि मग म्हणाली "बघ, मी म्हणत नव्हते!" भावाने गुपचूप सगळं वाचलं आणि फुलपात्र घासून ठेवलं. टर्पेंटाईनने.