खाण येण्याआधी नाल्याचं पाणी तपासून ठेवायचं आहे, कसं करावं?

निर्गुडाकाठ:
नमस्कार मंडळी. वणी तालुक्यातला शेतकरी आहे. आमच्या शिवाराला लागून कोळशाची खुली खाण येऊ घातली आहे, पुढच्या महिन्यात जनसुनावणी. खाणीचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अहवाल असतो, त्याचा ग्रामपंचायतीत आलेला मराठी सारांश मी दोनदा वाचून काढला. आमच्या नाल्याचा त्यात एकच नमुना, तोही उन्हाळ्यातला. अहो, उन्हाळ्यात आमचा नाला वाहतोच कुठे? चिंचेखाली एक डोह उरतो, त्यात ढोरं बसतात, बाया गोधड्या धुतात. आता कार्तिकात येऊन पाहा, गुडघाभर पाण्यात तळातले गोटे मोजून घ्या. हरभऱ्याला याच नाल्यावर मोटर लावतो आम्ही. उद्या पाणी बिघडलं, तर तुलना त्या डोहाशी होणार का? आपणच आत्ता तपासणी करून ठेवली तर उपयोग होईल का?

घुग्गुसकडचा:
भाऊ, करूनच ठेवा. आमच्या नाल्यात दगडांवर आता गेरूसारखा थर बसतो, नखानं खरवडला की निघतो. तक्रार घेऊन गेलो, तर साहेबांनी विचारलं, आधी पाणी कसं होतं याचा कागद आहे का? माझ्या बापानं सांगितलं, आम्ही हेच पाणी ओंजळीनं पीत होतो. ते कोण लिहून घेणार? कागद नव्हता, विषय तिथंच संपला.

पाणीतपासनीस:
प्रयोगशाळेत नमुने तपासणं हेच माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पर्यावरण परिणाम अहवालाच्या २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे पावसाळा सोडून एका हंगामाची मोजणी चालते, त्यामुळे उन्हाळ्यातला नमुना नियमात बसतो. पण सुनावणीत लेखी हरकत देऊन पोच घ्या, अंतिम अहवालात तिला उत्तर द्यावंच लागतं.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, नुसता पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, बघून थांबू नका. कोळशात गंधकाचं खनिज असतं, त्याला हवा-पाणी लागलं की आम्ल सुटतं. तुमच्या वणी-राजूर पट्ट्यात चुनखडी आहे, ती आम्ल मारते. पीएच साडेसात दिसतो, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि त्या गंधकातून आलेलं सल्फेट अन् पाण्याचा कठीणपणा (जडपणा) मात्र चढलेला असतो. पिण्याच्या पाण्याच्या मानकात सल्फेट २०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर ४०० पर्यंत. तेव्हा सल्फेट, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), कठीणपणा, लोह, फ्लोराइड आणि गढूळपणा मोजायला सांगा.

नमुने दोन जागांचे हवेत, प्रस्तावित हद्दीच्या वर आणि खाली. वरचा नसला की खालच्याला अर्थ राहत नाही. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, तोंड धारेकडे करून पाण्याखाली काठोकाठ भरा. लोहासाठी वेगळी बाटली, नायट्रिक आम्ल घातलेली. ती प्रयोगशाळेतून मागून घ्या आणि विसळू नका. पीएच आणि तापमान जागेवरच. बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी पोचवा. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची बघा. आत्ता एकदा, मग जानेवारीत, मेमध्ये आणि जूनच्या पहिल्या पुराला.

घुग्गुसकडचा:
आणि एकट्यानं नका जाऊ. सरपंच, जलसुरक्षक, दोन-चार गावकरी सोबत घ्या, जागेवर पंचनामा लिहून सह्या घ्या. नाहीतर म्हणतील, बाटली कुठून भरली कोणास ठाऊक.

निर्गुडाकाठ:
मनापासून आभार. जलसुरक्षक ताईंशी आजच बोललो, येत्या सोमवारी सकाळी निघतो. वरचा नमुना महादेवाच्या देवळामागच्या बंधाऱ्यापाशी, खालचा आमच्या मोटरच्या जागी. पहिल्या खेपेचे पैसे आम्ही सात जण काढतोय. पुराच्या नमुन्याचं तेवढं सांगा, पाणी अंगावर येत असताना काठावरून दोरी बांधून बादलीनं काढलं तर चालेल ना?

पाणीतपासनीस:
चालेल. स्वच्छ प्लास्टिकची बादली घ्या, लोखंडी नको. पुरात कोणी उतरू नका.