रविवारी एमपीएससीचा पेपर दिला म्हणून पोरं अविश्वासू?

खडकाळ_रान: काल एका बंधूंनी लिहिलं की चर्चमधली उपासना सोडून रविवारी एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेला बसणारी आपली पोरं विश्वासू नाहीत. सोबत नेहमीचा दाखला: स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलने १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये हीट, म्हणजे प्राथमिक फेरी, रविवारी आली म्हणून १०० मीटर सोडली, तुम्हाला एक पेपर सोडवत नाही? वर शेपूट, 'आज पेपर, उद्या ऑफिसातल्या सत्यनारायणाचा प्रसाद.'

हा लिडेल मी शब्बाथशाळेपासून ऐकतोय. त्याला वेळापत्रक काही महिने आधी कळलं होतं, ४०० मीटरची तयारी करायला सवड मिळाली आणि ती त्याने ४७.६ सेकंदांत जिंकली, हे कुणी सांगत नाही. आयोग आपल्या पोरांना मंगळवारी पेपर देऊ देतो का? आज्ञापालन मोजायचंच तर सोमवारपासून मोजा. आमच्या मंडळीत पहिल्या बाकावर बसणारे एक बागायतदार कांदा काढणाऱ्या बायांची मजुरी आठवडेच्या आठवडे थकवतात. बायबलातल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात नेमकी हीच मजुरी आहे. त्यावर उपदेश ऐकलाय कुणी? दशमांशावर, म्हणजे चर्चला द्यायच्या दहाव्या हिश्श्यावर, मात्र उठसूट.

वचनाप्रमाणे: मीच तो बंधू. बागायतदार लबाड निघाला म्हणून शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, पाळायची चौथी आज्ञा रद्द होत नाही. माझ्या वडिलांनी रविवारची जादा पाळी कधी घेतली नाही. साहेबाने बढती अडवली. तरी आम्ही भावंडं शिकलोच ना?

सातवा_दिवस: चौथी आज्ञा शनिवारची आहे. दोघंही चुकताय.

वचनाप्रमाणे: तुम्ही प्रत्येक चर्चेत हेच एक वाक्य टाकता.

पानवेल_वसई: आम्हा कॅथलिकांत ती तिसरी आज्ञा. आणि शनिवारी संध्याकाळी मिस्सा ऐकली की रविवारचं बंधन पुरं होतं. आदल्या दिवशी मिस्सा, दुसऱ्या दिवशी पेपर. भांडण कशाला?

वचनाप्रमाणे: सोयीचा धर्म.

पानवेल_वसई: सोयीचा? फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी बिल्डरांच्या विरोधात उभे राहिले, ते सोयीचं होतं? तोंडाला येईल ते लिहू नका.

नाईट_ड्युटी: भाऊ, रविवारी वॉर्डाला कुलूप लावायचं का? तुमची दहाची घंटा होते तेव्हा मी सलाईनसाठी शीर शोधत असते. म्हातारीचा हात सुजलेला, शीर हाताला लागत नाही, सुई हुकते, ती आईवरून शिव्या घालते. तेव्हा ओठ मिटून दुसरा हात चाचपायचा, हे कुठल्या आज्ञेत बसतं ते सांगा. आणि प्रसादाचं म्हणाल तर डिस्चार्ज मिळालेल्यांचे नातेवाईक पेढे वाटतात. ते आधी देवापुढे ठेवले होते का, विचारत बसू?

वचनाप्रमाणे: ताई, तुमच्या ड्युटीबद्दल मी बोललोच नाही. पेढ्याचंही विचारू नका, बायबलात १ करिंथ, अध्याय १० तेच म्हणतो. पण त्याच अध्यायात पुढे आहे, मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं तर खाऊ नका. सत्यनारायणाचा शिरा सांगूनच हातावर पडतो.

खडकाळ_रान: पुढचंही वाचा. सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका, असं आहे. तुमच्या सोवळ्यासाठी नाही.

जुनं_गावठाण: माझ्या आज्याला गावच्या विहिरीवर घागर बुडवू देत नव्हते. बाप्तिस्मा घेतला तरी आडावर तेच. आज त्याच वाड्यातल्या काकू दिवाळीला करंज्यांचं ताट घेऊन येतात, आमच्या ओट्यावर बसून आमच्या माठातलं पाणी पितात. ते ताट परत धाडू?

वचनाप्रमाणे: करंजी वेगळी, नैवेद्य वेगळा. भावनेवर नेऊ नका.

जुनं_गावठाण: भावना म्हणे! आमच्या पिढ्या गेल्या त्या ताटाची वाट बघण्यात. मिशन कंपाउंडात वाढलेल्यांना काय कळणार?

वचनाप्रमाणे: कंपाउंड? माझा आजा तुमच्यासारख्याच वस्तीतला. मरीआईच्या रेड्यातला वाटा घ्यायचा त्याने बंद केला, त्यापायी गावाचा मार खाल्ला. नैवेद्याला नाही म्हणणं हीच त्याची साक्ष होती. तुमच्यासाठी ताट मोठं असेल, आमच्या घरात तो नकार मोठा आहे.

जुनं_गावठाण: ...हे आधी लिहायचं होतं. तरी ताट मी घेणारच.

पानवेल_वसई: दोघांचे आजे आपल्या सगळ्यांपेक्षा विश्वासू होते एवढं ठरलं. पेपरचं काय?

खडकाळ_रान: त्यांच्या आजोबांपुढे मी मान तुकवतो, लिडेलच्या दाखल्यापुढे नाही. तो पुढे मिशनरी म्हणून चीनला गेला, जपान्यांनी त्याला वेइशियनच्या छावणीत डांबलं. रविवारी खेळ नाहीत हाच त्याचा तिथंही नियम. पण पोरं खेळावरून हाणामारीवर आली तेव्हा हाच लिडेल रविवारी हॉकीचा पंच म्हणून उभा राहिला. १९४५ साली छावणीतच वारला. हा भाग उपदेशात का येत नाही?

वचनाप्रमाणे: पंच झाला तो पोरांसाठी. स्वतःच्या पदकासाठी नाही. बरं, द्या पेपर. फौजदार झाल्यावर उपकारस्तुतीची साक्ष द्यायला तरी वेळेवर या, शेवटच्या गीताला नव्हे.

नाईट_ड्युटी: परीक्षेच्या रविवारी संध्याकाळी पाचला उपासना ठेवा असं मी आमच्या कमिटीला लिहून दिलं होतं. पोरंही आली असती, आम्ही दिवसपाळीवाल्याही. उत्तर आलं, किल्ली ज्यांच्याकडे असते ते संध्याकाळी गावात नसतात.

सातवा_दिवस: शनिवारी या. आमचं दार उघडं असतं.