रेल्वेचा वेगसूचक सिग्नल चालकाला नेमके काय सांगतो?

प्रश्न:
मार्गसूचक सिग्नल गाडी कोणत्या बाजूला वळणार हे दाखवतो आणि वेगसूचक सिग्नल किती वेगाने जायचे हे सांगतो, एवढे मला समजले आहे. पण पुढचा सांधा, म्हणजे गाडीला रूळ बदलायला लावणारी जोडणी, कोणत्या रुळाकडे लावला आहे हे सिग्नलवरून कळत नसेल, तर चालक निर्धास्तपणे गाडी कशी नेतो?

उत्तर १:
सांध्यावर वेग जास्त झाला, तर गाडी घसरू शकते, म्हणून चालकाला आधी वेग कळायला हवा. ब्रिटनमधील मार्गसूचक पद्धतीत तिरप्या पांढऱ्या दिव्यांच्या ओळीवरून वळण कळते, पण त्या वळणाची वेगमर्यादा चालकाला पाठ असावी लागते. जर्मनीत सिग्नलवरच आकडा उजळतो आणि त्याला दहाने गुणायचे असते. ६ म्हणजे ताशी ६० किलोमीटर. मार्गाची ओळख तिथल्या चालकालाही लागतेच, मात्र ऐन सांध्यावर सगळी भिस्त स्मरणशक्तीवर राहत नाही. या पद्धतीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे पूर्वसूचना: पोलादी चाक पोलादी रुळावर सहज थांबत नाही, म्हणून आधीच्या पूर्वसूचक सिग्नलवर पिवळा ६ दिसतो, चालक तिथूनच ब्रेक लावू लागतो, आणि मुख्य मार्गावर सहसा १००० मीटर पुढे असलेल्या मुख्य सिग्नलवर पांढरा ६ येईपर्यंत वेग उतरलेला असतो.

प्रश्नकर्ता:
मग इंजिन सांध्यापलीकडे गेले की वेग वाढवता येतो का?

उत्तर १:
नाही. शेवटचा डबा सांधे ओलांडेपर्यंत ती मर्यादा पाळावीच लागते, त्यामुळे लांब मालगाडीच्या चालकाला गाडीच्या लांबीचे भान सतत ठेवावे लागते.

उत्तर २:
आकडा असलाच पाहिजे असेही नाही. अमेरिकेच्या ईशान्य भागातील अनेक मार्गांवर दिव्यांच्या मांडणीतूनच वेग सांगितला जातो. वर लाल आणि खाली हिरवा दिसला, तर थांबायचे नसते, सांध्यांवरून मध्यम वेगाने, म्हणजे ताशी ३० मैलांपर्यंत, जायचे असते. नवख्या माणसाला वरचा लाल दिवा घाबरवतो, पण प्रशिक्षित चालक सर्व दिवे मिळून एकच आज्ञा वाचतो.

उत्तर ३:
वेग फार वाढला की खांबावरचे दिवे खात्रीने वाचता येत नाहीत. १९६४ मध्ये सुरू झालेली जपानची शिंकान्सेन ही अतिवेगवान रेल्वे ताशी २१० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ५८ मीटर, धावत असे. म्हणून तिथे वेगमर्यादा थेट चालकाच्या समोरच्या फलकावर दाखवली गेली आणि ती ओलांडली, तर ब्रेक आपोआप लागत.